पदरी बाळगलेला फोन

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला आज बोलावयास सांगितले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले होते. एकतीस वर्षे शाळेत शिकविल्यानंतर माणसाने थोडे गप्प बसावे, असे माझे मत आहे. पण त्यांनी विषय सांगितला आणि मी मुकाट्याने हो म्हटले. विषय आपल्या हातातल्या मोबाईलचा. त्यांनी तो मोबाईलवरच सांगितला, मी होकारही मोबाईलवरच कळविला, आणि भाषण मात्र कागदावर हाताने लिहून आणले आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

मोबाईलला ‘भ्रमणध्वनी’ असा चांगला शब्द आहे. शाळेत मी मुलांना तोच लिहावयास लावीत असे. पण ‘अगं, माझा भ्रमणध्वनी कोठे ठेवलास?’ असे घरात विचारणारी बाई मला आजवर भेटलेली नाही. तेव्हा मीही नुसते फोनच म्हणेन.

मागच्या महिन्यात एके दिवशी मी ठरविले की, उठल्यापासून निजेपर्यंत फोन किती वेळा हाती घेतला ते भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या पानावर रेघा मारून मोजावयाचे. त्याच पानावर आपण पूर्वी दुधाच्या लिटरांच्या रेघा मारीत होतो. गजर बंद केला, एक रेघ. पाणी किती वाजेपर्यंत आहे हे सोसायटीच्या ग्रुपवर पाहिले, दुसरी. दूधवाल्याचे पैसे पाठविले, तिसरी. आमच्या घरच्यांच्या गोळीची आठवण वाजली, चौथी. मग गॅसची टाकी नोंदविली, विजेचे बिल भरले, लेकीचा निरोप ऐकला, नातीचा फोटो पाहिला, तो पुन्हा पाहिला, बँकेचा ओटीपी आला, तो चष्मा सापडेपर्यंत निघून गेला, पुन्हा मागविला. पुढे भाजणी करावयास घेतली आणि प्रमाण फोनवर पाहिले. भाजणीचे प्रमाण, भगिनींनो! सासूबाईंनी जे माझ्याकडून पाढ्यासारखे पाठ करून घेतले होते, ते मी फोनला विचारीत होते. दुपारी बारापर्यंत एकेचाळीस रेघा झाल्या. नंतर मी मोजणे सोडून दिले, कारण माझी मलाच लाज वाटू लागली.

आपल्यापैकी ज्या जुन्या रहिवासी आहेत, त्यांना पूर्वीचे दिवस आठवत असतील. आम्ही वाशीला राहावयास आलो ते १९८४ साली. तेव्हा येथे रेल्वे नव्हती. मानखुर्दहून खाडी ओलांडून गाडी आली ती १९९२ च्या मे महिन्यात. खाडीवरचा पूल तेवढा १९७३ पासून होता, आणि त्यावरून मुंबईस जाणारी बस. सिडकोने इमारती बांधल्या होत्या, रस्ते रुंद केले होते, पण घरी टेलिफोन असणे म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहावयाची गोष्ट. आमच्या इमारतीत एकच टेलिफोन होता, तळमजल्यावरच्या काकूंचा. सोळा बिऱ्हाडांची बाळंतपणे, मृत्यू आणि मुली पसंत पडल्याचे निरोप त्या एका काळ्या यंत्रातून येत. काकू जिन्यातून हाक मारीत तेव्हा त्यांच्या आवाजावरूनच बातमी बरी की वाईट ते कळे. माझे वडील गेल्याचा निरोप त्यांनी असा जिन्यातून हाक मारून सांगितला नाही. त्या तीन मजले चढून आल्या आणि माझ्याजवळ बसल्या. फोन पुष्कळ निरोप आणतो, पण तीन मजले चढून येत नाही.

१९८९ साली आमच्याकडे टेलिफोन आला, त्या दिवशी मी शिरा केला होता. पुढे नाक्यानाक्यावर एस.टी.डी.ची पिवळी दुकाने झाली; रात्री दर कमी होतात म्हणून तेथे रांगा लागत. १९९५ च्या ३१ जुलैला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलून आपल्या देशातील मोबाईलचा आरंभ केला. त्या वेळी आलेला फोन घेण्यासही पैसे पडत असत, हे आजच्या मुलींना खरेसुद्धा वाटावयाचे नाही. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. २०१६ च्या सप्टेंबरात, आपल्या घणसोलीला जिचे मोठे कार्यालय आहे त्या जिओ कंपनीने स्वस्त इंटरनेट आणले. त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले, आणि नोव्हेंबरात नोटा रद्द झाल्या. २०२० साली टाळेबंदी आली, आणि शाळा, डॉक्टर, किराणा, इतकेच काय, एका मैत्रिणीकडचे सत्यनारायणही फोनमध्ये आले. आज भाजीच्या गाड्यावरसुद्धा ती चौकोनी नक्षी लावलेली असते. २०२५ च्या ऑगस्टात एका महिन्यात देशात यूपीआयवर दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले.

हे एवढ्याकरिता सांगितले की, बायकांना फोनचे वेड लागले आहे, असे जे पुरुषमंडळी चहा पिता पिता (आणि फोन पाहता पाहता) म्हणतात, ते मला पुरतेसे पटत नाही. थोडे वेड आहे, नाही असे नाही. परंतु आपण सर्वच काही हौसेने याच्या आहारी गेलो नाही. एकेक खिडकी बंद होत गेली आणि तिच्या जागी फोन आला. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचेच उदाहरण घ्या. २०२४ च्या जुलैत अर्ज सुरू झाले ते ‘नारीशक्ती दूत’ नावाच्या अॅपवर. २०२५ मध्ये ई-केवायसी आले. त्यात बाईच्या आधारला जोडलेल्या फोनवर ओटीपी येणार, आणि त्याखेरीज पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी हवा. ज्या बाईचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत, तिने काय करावे? ही अडचण पुढे सरकारनेही मान्य केली आणि मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. आमच्याकडे पोळ्या करावयास येणाऱ्या बाईंचे दुखणे आणखी निराळे होते. त्यांच्या आधारला जोडलेला नंबर त्यांचा नव्हताच. तो मुलाचा होता, आणि मुलगा कामाला सुरतेस. तीन दिवस त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात बसून त्याच्या फोनची वाट पाहात होत्या. आकडा येई, तो सांगेपर्यंत वेळ संपे. दीड हजार रुपयांसाठी त्यांना फोन लागत होता हे तर झालेच, पण तो स्वतःच्या नावाचा लागत होता. आपल्यापैकी किती जणींच्या हातातले सिम स्वतःच्या नावावर आहे? आज घरी जाऊन अवश्य पाहा.

अंगणवाडीच्या सेविकांचीही गोष्ट तीच. त्यांना वजन-उंचीच्या नोंदी फोनवर करावयास सांगितल्या, आणि दिलेले फोन इतके हलके की नोंद चढता चढत नसे. २०२१ च्या ऑगस्टात महाराष्ट्रातील पुष्कळ सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. मला त्या बायकांचे फार कौतुक वाटते. फोन नको असे त्यांचे म्हणणे नव्हते. काम करील असा द्या, इतकेच होते.

आता माझी स्वतःची गोष्ट. ही सांगावी की नाही, याचा मी चार दिवस विचार केला. घरच्यांना विचारले, ते म्हणाले, सांग. म्हणून सांगते.

गेल्या आषाढात मी ठाण्याला धाकट्या बहिणीकडे गेले होते. आमच्या घरच्यांना दोन वर्षांपासून विस्मरणाचा आजार आहे, हे आपणांपैकी अनेकींना ठाऊक आहे. दिवसा सोबतीला बाई असतात, त्या साडेसहाला जातात. मी कोठे बाहेर असले की सातला त्यांच्या साध्या बटणाच्या फोनवर फोन करते. हिरवे बटण दाबावयाचे एवढे त्यांच्या लक्षात राहिले आहे. मी म्हणते, ‘जेवण झाकून ठेवले आहे, मी येते आहे,’ आणि ते स्वस्थ बसतात.

त्या दिवशी पाऊस फार होता. गाडी वाटेत थांबून राहिली, आणि माझ्या फोनची बॅटरी संपली. दुपारभर बहिणीकडे आम्ही दोघी आमच्या माहेरच्या गावचे व्हिडिओ पाहात बसलो होतो, त्याचा हा परिणाम. गाडीतून उतरले तो तिकीट तपासणारी बाई समोर. तिकीट फोनमध्ये. दंड भरावयाचा तर पैसे फोनमध्ये. पर्समध्ये चाळीस रुपये आणि देवीची सुपारी. तपासणारीचे काहीच चुकले नाही. तिने नियम सांगितला, आणि वर स्वतःचा फोन पुढे करून म्हणाली, ‘आजी, घरच्या कोणाचा नंबर सांगा, मी लावून देते.’

भगिनींनो, मला एकही नंबर आठवेना. लेकीचा नाही, सुनेचा नाही, घरच्यांचा नाही. शाळेत इतिहासाच्या सनावळ्या मुलांकडून घोकून घेणारी मी, तेथे तोंड उघडे टाकून उभी राहिले. आणि मग एकदम एक नंबर आठवला, आकडा न आकडा, आणि मी आनंदाने तो सांगितला. तो आमचा १९८९ सालचा घरचा टेलिफोन. तो आम्ही परत करूनही पुष्कळ वर्षे झाली. तपासणारीने लावला, आणि तो नंबर अस्तित्वात नाही, असे पलीकडून एक बाई गोड आवाजात सांगू लागली.

शेवटी मागे उभ्या असलेल्या एका कॉलेजच्या मुलीने माझा दंड भरला. अर्थात फोनवरून! पैसे परत करीन म्हटले तर तिने पेनने माझ्या तळहातावर आपला नंबर लिहिला. पावसाने तो पुसू नये म्हणून मी ती मूठ मिटून घरापर्यंत आले.

घराचे दार उघडे होते, आणि घरात हे नव्हते.

पहारेकरी पाण्याच्या पंपाकडे गेला होता; त्याने एवढेच सांगितले की, साहेब नाक्याकडे गेलेले दिसले असे कोणी म्हणत होते. फोन चार्जिंगला लावण्याइतकाही धीर मला नव्हता. तशीच निघाले. पाऊण तास मी त्या पावसात फिरले. रस्त्यात कोणाला विचारावे तर जो तो छत्रीखाली आपल्या फोनकडे पाहात चाललेला. बसस्टॉपच्या पलीकडे जो जुना भाजीवाला बसतो, त्याच्या ताडपत्रीखाली हे मला दिसले. त्याने यांना उलट्या क्रेटवर बसविले होते, अंगावर गोणपाट घातले होते आणि हातात चहा दिला होता. ह्यांना स्वतःचा पत्ता सांगता येत नव्हता. भाजीवाल्याला आमचे नावही नीट ठाऊक नव्हते. पण ‘तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंचे साहेब’ म्हणून त्याने ओळखले आणि बसवून ठेवले, आता गिऱ्हाईक सरले की घरी पोहोचविणार होता.

मला म्हणाला, ‘बाई, दोन वर्षं तुम्ही भाजीला आला नाहीत. मला वाटलं, घर विकून गेलात.’

त्याच्या बोलण्यात तक्रार मुळीच नव्हती. दोन वर्षे आमची भाजी फोनवरून येत होती. दहा मिनिटांत येते, निवडलेली येते, दोन रुपये स्वस्तही पडते, आणि आणून देणारा मुलगा दर वेळी निराळा असतो.

मी यांचा हात धरला. थंडीने कापत होते. म्हणाले, ‘तुझा फोन आला नाही.’

एवढेच. यापुढचे सांगण्यासारखे काही नाही; ताप आला, चार दिवसांनी उतरला.

यावर आपण म्हणाल, आता ही बाई फोन टाकून द्या म्हणणार. मी तसे म्हणणार नाही, आणि म्हटले तरी आपण ऐकणार नाही. ज्या फोनच्या भरवशावर मी यांना घरी ठेवून दोन तास बाहेर पडू शकते, तो फोन मला हवाच आहे. आपल्या मंडळातील ज्या भगिनीला अक्षरओळख नाही, ती बोलून निरोप पाठविते आणि तिच्या पापडांच्या मागण्या पनवेलपासून ऐरोलीपर्यंत येतात. तिला कोणत्या तोंडाने सांगू? टाळेबंदीच्या वर्षी कणकवली तालुक्यातील दारिस्ते गावच्या एका मुलीने घरी रेंज मिळेना म्हणून डोंगरावर झोपडी बांधून पशुवैद्यकाचा अभ्यास केला. तिच्या दृष्टीने फोन ही चैन नव्हती.

मला बोलावयाचे आहे ते इतकेच की, जे काम फोनला सांगितले ते आपल्याला येत राहिले पाहिजे, निदान ज्या कामावाचून जीव अडेल तेवढे तरी. मी काय केले ते सांगते. चार नंबर पाठ केले. रोज सकाळी केर काढताना म्हणते. पर्समध्ये एका पाकिटात पाचशे रुपये सुटे आणि एक पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर नंबर, पत्ता, यांच्या गोळ्यांची नावे. घरच्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशाच्या आत पत्ता आणि दोन नंबर दोऱ्याने शिवले आहेत. माझे भरतकाम इतक्या वर्षांनी उपयोगी पडले. आणि आठवड्यातून तीनदा भाजीला नाक्यावर जाते. हे जातात बरोबर. भाजीवाला यांना मटार सोलावयास देतो.

आता फसवणुकीबद्दल दोन शब्द, कारण आपल्याच सेक्टरमध्ये दोन घरी हा प्रसंग घडला. पोलीस किंवा न्यायाधीश बनून कोणी व्हिडिओवर आला आणि ‘तुम्हांला डिजिटल अटक केली आहे, फोन बंद करू नका,’ म्हणाला, तर खुशाल बंद करावा. असली अटक कायद्यात नाहीच. दुसरे, यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. ‘पैसे जमा करतो, पिन टाका’ म्हणणारा चोरच समजावा. पैसे गेलेच तर रडत बसू नये, तत्काळ १९३० या नंबरावर कळवावे. जितके लवकर कळवाल तितके पैसे वाटेत अडविता येण्याचा संभव अधिक. आणि घरी सांगण्यास लाजू नये. एका भगिनीने तीन आठवडे कोणास सांगितले नाही, कारण ‘तुला फोन कळत नाही’ असे घरात ऐकावे लागेल याची तिला भीती. पैशापेक्षा मला त्या तीन आठवड्यांचेच अधिक वाईट वाटले.

लहान मुलांविषयी सर्वच आया बोलतात, म्हणून मी थोडक्यात सांगते. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. २०२२ च्या १४ ऑगस्टला तेथे गावातील महिलांची सभा झाली आणि भोंगा आणावयाचे ठरले. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजे, की घराघरांतील टी.व्ही. आणि फोन बंद. साडेआठला पुन्हा वाजे, की सुरू. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे किंवा बोलत बसावे. आरंभी लोक हसले. मग अंगणवाडीच्या सेविका, आशा कार्यकर्त्या, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना फोनबंदीचा ठराव केला. मला वडगावची रीत अधिक आवडली, कारण तीत मोठ्यांनाही सूट नाही. मुलाला ‘फोन ठेव’ म्हणताना आपला स्वतःचा हात कोठे असतो, हे मूल पाहात असते.

वाशीत भोंगा वाजविला तर लोक अग्निशामक दलालाच फोन करतील! पण आपल्या मंडळाचा हा हॉल आहे, आणि गुरुवारी दुपारी तो रिकामा असतो. कार्यकारिणीने माझी सूचना मान्य केली आहे, म्हणून जाहीर करते. पुढच्या गुरुवारपासून दुपारी चार ते साडेपाच आपण जमावयाचे. पहिला अर्धा तास सुनांनी आणि मुलींनी सासवांना व आयांना शिकवावयाचे: पैसे कसे पाठवावे, तिकीट कसे काढावे, हरवलेला फोन ‘संचार साथी’वर कसा बंद करून घ्यावा, सिम स्वतःच्या नावावर कसे करावे. शिकविताना ‘आण इकडे, मीच करते’ असे म्हणावयाचे नाही. फोन ज्याचा त्याच्या हातात राहील. त्यानंतरचा एक तास सर्व फोन दाराजवळच्या टोपलीत. त्या तासात काय करावयाचे ते अजून ठरलेले नाही. काही जणी भजन म्हणतात, काही जणी भाजणीचे प्रमाण लिहून घ्यावे म्हणतात. पोळ्यांच्या बाईही येणार आहेत. त्यांच्या कामाची वेळ मी बदलून दिली आहे, आपणही आपापल्या घरी तसे करावे.

टोपली मी आणते. येताना प्रत्येकीने एक वही, एक पेन आणि पाठ असलेले दोन नंबर घेऊन यावे. दाराशीच विचारणार आहे.